नऊ दोषांची खोली

तिला सगळे एक्केचाळीस म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, चांगलं होतं, पण ते आता पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात ती चेकर होती आणि तिने पास केलेल्या प्रत्येक शर्टाच्या खिशात बोटभर चिठ्ठी जायची, ‘तपासणी ४१’. सव्वीस वर्षांत अशा चिठ्ठ्या किती अनोळखी खिशांतून कुठे कुठे फिरून आल्या, देव जाणे. एक्केचाळीस स्वतः मात्र कुठे गेली नव्हती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी ती थोरल्या बहिणीच्या सोफ्यावर झोपत होती, आणि तो सोफाही तिच्यापेक्षा वीतभर आखूड होता.

तिचं काम असं. टेबलाच्या वर, डोक्याला लागेल इतक्या खाली ट्यूबलाइट. शर्ट आधी उलटा करायचा, कारण माणूस काय किंवा शर्ट काय, खरं ते आतल्या बाजूने कळतं. मग खांद्याची शिवण, बगल, बाही, कॉलर, काजं, बटणं. जिथे टाका सुटलाय, दोरा लोंबतोय, कॉलरचं एक टोक दुसऱ्याशी अबोला धरून बसलंय, तिथे लाल कागदाचा चिकट बाण लावायचा आणि शर्ट बाजूच्या टोपलीत टाकायचा. नव्या पोरींना वाटायचं, बाण लागला म्हणजे शर्ट कामातून गेला. त्यांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, "बाण म्हणजे नापास नव्हे गं. बाण म्हणजे इथे सुई लाव. टाकूनच द्यायचा असता तर बाण कशाला वाया घालवला असता?"

बाणांचं भेंडोळं कायम तिच्या उजव्या खिशात असायचं आणि बोटांना डोक्याची परवानगी लागत नसे. एकदा डॉक्टर तिचा रक्तदाब मोजत होते, तेवढ्यात त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीला तिने बाण लावला. डॉक्टर तो संध्याकाळपर्यंत घेऊन फिरले. एका लग्नात नवरदेवाच्या पाठीवर लावला, तो फोटोत आला आणि अजून भिंतीवर आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण हिची खोड चिकट होती, ती मागेही राहायची.

तिची स्वतःची भाड्याची खोली होती, चांगली अठरा वर्षं. मग ती इमारत विकली गेली, नव्या मालकाने सगळ्यांना अतिशय नम्र भाषेत बाहेर काढलं, आणि ताई म्हणाली, "महिनाभर ये आमच्याकडे. तोवर मिळेल काहीतरी." त्या महिन्याला आता चौदा महिने झाले होते. पाहुणा तिसऱ्या दिवशीही राहिला तर त्याची अक्कल गेली असं म्हणतात. चौदाव्या महिन्यात काय जातं हे जुन्या लोकांनी सांगून ठेवलेलं नाही. भावोजी भले माणूस. ते बातम्या आवाज बंद करून बघायला शिकले होते.

आणि आता ताईची लेक जुळी बाळं घेऊन आईकडे राहायला आली होती. दोन लेकरांची आई झाली तरी घरात तिला छोटीच म्हणत. ताई आपल्या बहिणीला ‘तू जा’ असं कधीच म्हणाली नसती. ती फक्त टेपने सोफा मोजायची, मग पाळणा मोजायची, मग उसासा टाकून टेप गुंडाळून ठेवायची. दिवसातून दोनदा.

अशात दादाचा फोन आला. दादा म्हणजे या दोघींचा थोरला भाऊ. दूर एका लहान गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि ते रविवारीही उघडं असे, म्हणून सव्वीस वर्षांत त्याला धाकट्या बहिणीच्या खोलीचा जिना चढायला सवड झाली नव्हती. फोनवर तो म्हणाला, "दुकानामागची खोली तयार आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो. सामान बांधून ठेव. गल्ल्यावर बसायला घरचं माणूस हवंच होतं, आणि तुझ्या वहिनीच्या गुडघ्यांना काही स्वयंपाक झेपत नाही. तुझीही सोय होईल."

म्हणजे नोकरी जाणार, शहर जाणार, टेबल जाणार आणि एक्केचाळीस हा आकडाही जाणार. उरणार ती कुणाची तरी बहीण, कुणाची तरी नणंद, दुकानामागे ठेवलेली. हे सगळं तिला फोन कानाला असतानाच लख्ख दिसलं. शर्टाला नाही म्हणताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती. माणसाला नाही म्हणणं मात्र तिला साधत नसे, आणि दादाला तर मुळीच नाही. दादाचं वाक्य संपलं की ‘बरं’ म्हणायचं, हे तिला चालायला लागण्याच्या आधीपासून येत होतं.

"बरं," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने मनाशी एक पळवाट काढली. शेवटच्या रविवारच्या आत खोली मिळाली, तर नाही म्हणायची वेळच येणार नाही. दादा, अरे, खोली मिळाली, आता काय करणार, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

त्या शहरात एकटीच्या पगारात घर घ्यायचं तर फार फार तर दरवाजा आला असता. म्हणून वाटून घेतलेलं घर. स्वयंपाकघर सगळ्यांचं, न्हाणीघर पाळीपाळीने, खोली तेवढी आपली. अशा एकेका खोलीला तीस-तीस माणसं यायची आणि सगळी एकमेकांकडे बघून इतकी गोड हसायची की कोण कुणाचा गळा धरणार ते कळत नसे.

पहिल्या ठिकाणी रांग तीन मजले खालपर्यंत होती. एक्केचाळीसचा नंबर लागला तेव्हा मालकीण खोलीच्या मधोमध उभी राहून सगळ्यांना एकाच सुरात सांगत होती, "अगदी कोरडी खोली आहे." कपाटाशेजारी एक कॅलेंडर होतं, दोन वर्षांपूर्वीचं. भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर कोण ठेवतं? एक्केचाळीसने ते जरासं उचलून पाहिलं आणि पुन्हा नीट ठेवलं. ती बाहेर पडते न पडते तोच तिच्या मागच्या माणसाचा आवाज आला, "मालकीणबाई, हा लाल बाण कॅलेंडरच्या मागे काय दाखवतोय?"

दुसऱ्या ठिकाणी तीन तरुण मुलं सोफ्यावर बसली होती आणि समोर स्टूल होतं. मुलाखत होती. एकाने विचारलं, "तुम्ही सकाळच्या की रात्रीच्या?"

"पहिल्या पाळीची," ती म्हणाली.

"तुम्ही प्राणी असता तर कुठला असता?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "ज्याला दुपारी झोपू देतात असा कुठलाही."

मुलं खूश झाली. तिघांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. जमलंच होतं म्हणायचं. पण निरोप घेताना त्यातल्या एकाचा हात तिच्या समोर आला आणि त्याच्या स्वेटरच्या कोपराला चांगलं लिंबाएवढं भोक होतं. बोटं आपलं काम करून बसली. आता तो स्वेटर त्याने मुद्दाम फाटका विकत घेतला होता, आणि नव्यापेक्षा जास्त किमतीला, हे बिचारीला कसं कळावं?

तिसऱ्या ठिकाणी खोलीच्या मधून एक पडदा होता आणि तिच्या वाट्याला अलीकडची अर्धी खोली येणार होती. पलीकडचा माणूस अजिबात घोरत नाही, अशी हमी तो माणूस स्वतःच पडद्यापलीकडून देत होता. तिथे तिने बाण लावला नाही. कुठून सुरुवात करावी तेच कळेना.

हे सगळं ऐकून छोटीने एक बाळ खांद्यावर, एक मांडीवर अशा अवस्थेत मावशीची शाळा घेतली.

"मावशी, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. आधी ते भेंडोळं इकडे दे."

"अगं, पण..."

"दे." भेंडोळं पाळण्याच्या गादीखाली गेलं. "आता हे बघ. आत पाऊल टाकलं की म्हणायचं, किती छान उजेड! मग म्हणायचं, किती शांत आहे! काही विचारलं तर सगळं आवडलं म्हणायचं. लोक खोली देतात ते गोड बोलणाऱ्याला. तू तिथे शर्ट तपासायला जात नाहीयेस."

"आणि खोटं पकडलं गेलं तर?"

"सगळेच खोटं बोलतात गं मावशी. पकडायला वेळ कुणाला आहे?"

एक्केचाळीसने न्हाणीघराच्या आरशासमोर सराव केला. किती छान उजेड. किती शांत. भावोजी बाहेर टॉवेल घेऊन उभे होते. त्यांना वाटलं, मेहुणी हातची गेली.

चौथी खोली एका नर्सच्या आणि एका बस चालवणाऱ्या बाईच्या घरात होती. नर्स तिशीची, हसरी आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली. ड्रायव्हरबाई पंचेचाळीसची, कमी बोलणारी, समोरच्याकडे बसच्या आरशात बघावं तशी बघणारी. त्या घरातली तिसरी खोली रिकामी होती आणि तिच्यासाठी जिन्यावर तेवीस माणसं होती. एक्केचाळीस चौदावी.

ती आत गेली आणि दारातच म्हणाली, "किती छान उजेड!"

नर्स नुकतीच रात्रपाळीची झोप काढून उठली होती आणि घरातले सगळे पडदे ओढलेले होते. ड्रायव्हरबाईने दिवा लावला.

"आणि किती शांत," एक्केचाळीस म्हणाली. खालून बस निघाल्याचा आवाज आला.

मग तिने खोली पाहिली. तिला ती खोली हवी होती. मोठी नव्हती काही. पण पलंग तिच्यापेक्षा लांब होता, दाराला आतून कडी होती, आणि खिडकीतून समोरच बसचा शेवटचा थांबा दिसत होता. पहिल्या पाळीची बस तिथूनच निघायची. म्हणजे सकाळी कुणाच्या घरात चोरपावलांनी चहा न करता, कुणाची झोप न मोडता ती उठून कामाला गेली असती. चौदा महिने ती अंधारात बोटांनी चपला शोधत होती. तिला रडूच आलं असतं, पण छोटीने रडण्याबद्दल काही शिकवलं नव्हतं.

"आमचा सगळ्यांना एकच प्रश्न आहे," नर्स म्हणाली. "या खोलीत काय वाईट वाटलं? मागची मुलगी सगळं छान आहे म्हणून आली आणि बाराव्या दिवशी तक्रारी करत निघून गेली. म्हणून विचारतो."

एक्केचाळीसचा उजवा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता.

"काही नाही," ती म्हणाली. "सगळं आवडलं."

"बरं. दारापाशी वही आहे, त्यात लिहून जा. कळवतो."

वहीत तिने लिहिलं आणि ती जिना उतरू लागली. रांगेतली माणसं तिच्या चेहऱ्यावरून निकाल वाचायचा प्रयत्न करत होती. पहिला मजला उतरली तेव्हा तिच्या छातीत काहीतरी टोचायला लागलं. दुसरा उतरली तेव्हा कळलं काय ते. सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदा तिने डोळ्यांनी दोष बघून माल पास केला होता. त्या दोघी बायका सरळ विचारत होत्या, आणि तिने त्यांच्या खिशात खोटी चिठ्ठी घातली होती. ती वळली आणि पुन्हा वर चढू लागली.

"ओ बाई, रांग आहे इथे," कुणीतरी ओरडलं.

"माझी होऊन गेलीय," ती म्हणाली. "चुकीची झाली."

आत पंधरावा उमेदवार उजेडाचं कौतुक करत होता. त्याला बाजूला सारून एक्केचाळीस धापा टाकत म्हणाली, "मी मघाशी खोटं बोलले. नऊ दोष आहेत." आणि कुणी थांबवायच्या आत तिने टेबलावरचा पाकिटाचा कागद ओढला आणि मोठ्याने बोलत लिहायला घेतलं. "खिडकीची कडी लागत नाही, सुतळीने बांधलीय. दार खालून घासतं. नळाचं वायसर गेलंय. पडदा चार बोटं आखूड. कपाटाच्या एका पायाखाली पुठ्ठा आहे. गिझरचं बटण उलटं बसवलंय, बंद केलं की चालू होतं. एक भिंत दोन वेगळ्या पांढऱ्या रंगांची. पलंगाची एक पट्टी तडकलीय. आणि ते शेल्फ डावीकडे उतरलंय, त्यावर पेन्सिल ठेवली तर घरंगळत स्वयंपाकघरात जाईल."

आता खरोखरच किती शांत.

"ते शेल्फ मी लावलंय," ड्रायव्हरबाई म्हणाली.

"हो, मेहनत दिसते," एक्केचाळीस म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं.

नर्सने हसू दाबलं. "एवढी वाईट आहे तर मग कशाला हवीय तुम्हाला?"

"वाईट कुठे म्हटलं? हवीच आहे मला. नऊच आहेत, आणि नऊच्या नऊ दुरुस्त होणारे. टाकाऊ असती तर मी परत वर आले असते का?"

तिने कागद टेबलावर ठेवला, खाली सवयीने सही केली आणि गेली. ड्रायव्हरबाई शेल्फकडे मान तिरकी करून बघत राहिली. शेल्फ सरळ दिसत होतं, पण त्यासाठी मान तिरकी करावी लागत होती.

खोली एका गोड आवाजाच्या मुलीला मिळाली. एक्केचाळीसला हे कुणी सांगितलं नाही, पण फोन आला नाही, आणि कळवतो म्हणणारे कळवत नाहीत तेव्हाच खरं कळवत असतात, एवढं तिला आता समजत होतं. उरलेले दिवस आणखी सात खोल्यांत गेले. एके ठिकाणी तिला वयामुळे नाही म्हणाले, एके ठिकाणी तेहतीसजणांत चिठ्ठ्या टाकल्या, एके ठिकाणी पोचायच्या आत खोली गेली. शनिवारी तिने सामान बांधलं. सव्वीस वर्षांचं सामान चार खोक्यांत मावलं, याचं तिला वाईट वाटलं. ताईने पाचवं खोकं आणून ठेवलं होतं, ते रिकामंच राहिलं.

रविवारी दहा वाजता दादा टेम्पो घेऊन आला. चहा झाला. भावोजी, ताई, छोटी आणि जुळी, सगळे बैठकीच्या खोलीत. दादाने मोठ्या उत्साहाने फोन काढला आणि खोलीचा फोटो दाखवला. "बघ, पंखापण लावलाय नवा."

एक्केचाळीसने फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. उजवीकडे सरकवला, डावीकडे सरकवला. मग तिने तो उलटा धरला, जणू आतली बाजू दिसेल. छोटीने ते पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की मावशी आता तपासणीच्या टेबलाशी बसलीय.

"खिडकी नाही," एक्केचाळीस म्हणाली.

"आहे ना. ती काय. दुकानात उघडते."

"दुकानात उघडते ती खिडकी नव्हे दादा, ते हाक मारायचं भोक आहे."

भावोजींना ठसका लागला.

"भिंतीला रंगाचे डबे लावलेत छतापर्यंत," ती पुढे म्हणाली. "म्हणजे खोली तयार नाही, गोदामच आहे, त्यात पलंग ठेवलाय. दाराला कडी बाहेरून आहे. आतून नाही."

"अगं, कडीचं काय घेऊन बसलीस? कड्यांचं तर दुकान आहे माझं!"

"तेच म्हणतेय. दुकानात डझनाने कड्या, आणि एकही आतून लावावी असं तुला वाटलं नाही." तिने फोन दादाच्या हातात परत ठेवला. "आणि सगळ्यात मोठा दोष फोटोत दिसत नाही. खोली तयार आहे म्हणालास, टेम्पो आणतो म्हणालास, सामान बांध म्हणालास. येतेस का, असं काही विचारलं नाहीस. मी येणार नाही, दादा."

एक बाळ रडायचं थांबलं. दुसऱ्याने सुरू केलं.

"मग राहणार कुठे तू?" ताईने घाबरून विचारलं.

"माहीत नाही." हे खरंच तिला माहीत नव्हतं. पण गंमत अशी की छत कोसळलं नाही. दादा रागावला, लाल झाला, मग त्याने चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. एवढंच झालं. बावन्न वर्षं ज्याला घाबरली ते एवढंच निघालं. तिला वाटलं, हे आधी कळलं असतं तर! आणि अंगात आलेली ती हिंमत ओसरायच्या आत तिने छोटीकडून जाहिरातीतला त्या नर्सचा नंबर लावून घेतला. खोली गेली असेल तर त्याच इमारतीत दुसरी आहे का, एवढं तरी सरळ विचारावं म्हणून.

"कोण बोलतंय?" नर्सने विचारलं.

"मी... शेल्फवाली."

पलीकडून किंकाळीच आली. "अहो, कुठे होता तुम्ही! आठ दिवस शोधतोय! वहीत नाव नाही, फोन नंबर नाही, नुसतं ‘४१’ लिहून गेलात. कागदावरही तेच. आम्हाला वाटलं घर नंबर आहे. आमच्या ड्रायव्हरबाईंनी त्यांच्या मार्गावरच्या प्रत्येक एक्केचाळीस नंबरच्या घरासमोर बस हळू करून पाहिली. लोकांनी तक्रार केली!"

एक्केचाळीसने कपाळावर हात मारून घेतला. लोकांना चांगलं आठवड्यांमागून आठवडे सांगत फिरली की तुमचा टाका कुठे सुटलाय, आणि स्वतःचा पत्ता लिहायला विसरली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ट्यूबलाइट कितीही खाली असो.

"ती मुलगी गेली," नर्स सांगत होती. "नवव्या दिवशी. जाताना तक्रारी मोजून दाखवल्या, सगळ्या तुमच्याच यादीतल्या. शेल्फ तेवढं सापडलं नाही तिला. तेव्हा बाई म्हणाल्या, आधी सांगून येणारी परवडली. येताय का?"

येताय का. तिने डोळे पुसले आणि दादाकडे पाहिलं. "टेम्पो आणलाच आहेस तर..."

दादा घुश्शातच होता. पण टेम्पो त्याचा, खोकी बांधलेली, आणि बहीण खाली उतरून पुढच्या सीटवर जाऊन बसलेली. त्याने टेम्पो सुरू केला. निघताना छोटीने पाळण्याच्या गादीखालून भेंडोळं काढून मावशीच्या खिशात घातलं होतं, आणि ताईने सोफा न मोजता तिला घट्ट मिठी मारली होती.

चार खोकी दादाने एकट्याने वर नेली. ड्रायव्हरबाई शेल्फखाली स्टूल घेऊन उभी होती. तिने ते नव्याने लावलं होतं. आता ते उजवीकडे उतरलं होतं. तिने एक्केचाळीसकडे पाहिलं, एक्केचाळीसने शेल्फकडे पाहिलं, आणि दोघी एकदम हसल्या.

दादा खोलीत उभा राहून घाम पुसत होता. बहिणीच्या खोलीत तो आयुष्यात पहिल्यांदाच उभा होता. त्याने पलंग पाहिला, आखूड पडदा पाहिला, दुरंगी भिंत पाहिली. असल्या खोलीसाठी हिने माझी खोली नाकारली, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग तो खिडकीपाशी गेला आणि सुतळीने बांधलेली कडी हातात धरून बघत राहिला.

"ही कडी," तो म्हणाला.

"दोष नंबर एक," ती म्हणाली.

"स्क्रूचा आटा गेलाय. नवीच लागेल. दुकानात आहे या मापाची." त्याने हात पुढे केला. "ते तुझं काय असतं ते दे."

तिने खिशातून भेंडोळं काढून एक बाण त्याच्या हातावर ठेवला. दादाच्या जाड बोटांना तो चिकट कागद आवरेना. आधी अंगठ्याला चिकटला, मग बाहीला, शेवटी एकदाचा खिडकीच्या चौकटीला लागला. उलटा लागला. कडी खाली होती आणि बाण छताकडे बोट दाखवत होता.

"पुढच्या रविवारी येतो," तो म्हणाला, आणि दारापर्यंत जाऊन थांबला. मागे न वळता, एखादं नवीन अवजार हातात घेऊन पाहावं तसं जपून त्याने विचारलं, "आलो तर चालेल का?"

"आणि दुकान?"

"राहील बंद."

एक्केचाळीसने बाणाकडे पाहिलं. बोटं शिवशिवली. सरळ करायला एक क्षण पुरला असता. तिने दोन्ही हात मागे बांधले आणि तो तसाच राहू दिला.

"बरं," ती म्हणाली.